फाइल टेबलमधे गेली, पण नीट गेली का?

या वेळी निम्मी पत्रं एकाच विषयावरची आली. कोणाकडे एक्सेल आहे, कोणाकडे सीएसव्ही (रकाने कॉमाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल), आणि ती डेटाबेसच्या टेबलमधे टाकायची आहे. मार्च संपला की जुनी खाती नव्या सॉफ्टवेअरमधे आणायची घाई सगळीकडेच असते, म्हणून असेल. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच काम करून राहिले, त्यामुळे उत्तरं जरा लांबली आहेत, पण या विषयात घाईचं उत्तर दिलं तर माणूस फसतो हे मी पाहिलंय.

प्रश्न : ताई, मी मानेवाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमधे कॉम्प्युटरचं सगळं पाहतो. जुन्या पेशंटची यादी एक्सेलमधे होती, 38,412 ओळी, ती सीएसव्ही करून मायएसक्यूएलमधे टाकायची होती. लोड डेटा इनफाइल दिलं तं 1290 नंबरचा एरर, सिक्युअर फाइल प्रिव्ह का काय ते. मग एका मित्राने सांगितलं म्हणून मधात लोकल शब्द टाकला तं 3948 आला. मग लोकल इनफाइल दोन्हीकडून ऑन केलं आणि एकदाची गेली फाइल, क्वेरी ओके आलं. पण आता मोजलं तं 38,200 च ओळी आहेत, आणि बऱ्याच लोकांचं वय शून्य दाखवून राहिलं. प्रायमरी की, म्हणजे ओळीची ती ओळख जी दोनदा चालत नाही, मोबाइल नंबर ठेवली आहे. एरर तं एकही नाही आला, मग हे काहून झालं?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, तुम्हाला जे दोन एरर आले ते तुमच्या भल्याचेच होते. खरी गडबड एरर यायचे थांबले तिथून सुरू झाली.

आधी ते दोन एरर समजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. नुसतं लोड डेटा इनफाइल म्हटलं की फाइल वाचतो तो सर्व्हर, तुमचा कॉम्प्युटर नाही. आणि सर्व्हरला एक ठरलेला फोल्डर दिलेला असतो, त्याच्या बाहेरची फाइल तो उघडत नाही, तो झाला 1290. लोकल म्हटलं की फाइल तुमच्या बाजूचा प्रोग्राम वाचतो आणि सर्व्हरकडे पाठवतो. मायएसक्यूएल 8 पासून हे मुळातच बंद ठेवलेलं असतं, कारण खोट्या सर्व्हरला जोडल्या गेलात तर तो तुमच्या मशिनवरची भलतीच फाइल मागू शकतो. म्हणून 3948, म्हणून दोन्हीकडून ऑन करावं लागतं. तुमचं काम झालं असेल तर ते परत बंद करून टाका, आजच.

आता मुख्य गोष्ट. लोकलने फाइल पाठवणं एकदा सुरू झालं की सर्व्हरला ती मधातच थांबवता येत नाही, त्यामुळे जिथे एरवी एरर देऊन काम बंद झालं असतं तिथे तो फक्त वॉर्निंग लिहितो आणि पुढच्या ओळीवर जातो. डुप्लिकेट की आली तर ती ओळ गुपचूप सोडून देतो. क्वेरी ओकेच्या खाली अजून एक ओळ आली असेल बघा, रेकॉर्ड्स इतके, डिलीटेड इतके, स्किप्ड इतके, वॉर्निंग्ज इतक्या. ती कोणी वाचत नाही. तुमच्या त्या ओळीत स्किप्ड समोर 212 लिहिलं असणार, 38,412 वजा 38,200, हिशोब सरळ आहे.

ते 212 कोण? मोबाइल नंबर प्रायमरी की केली म्हणता, आणि आपल्याकडे एकाच मोबाइलवर सगळं घर असतं. आजोबांच्या रिपोर्टला मुलाचा नंबर, बायकोच्या रिपोर्टला नवऱ्याचा, पोराच्या रिपोर्टला बापाचा. ज्याची ओळ फाइलमधे आधी आली तो टेबलमधे बसला, बाकीचे गेले. म्हणजे तुमच्याकडून बहुतेक बाया, म्हातारे आणि लेकरं गळाली आहेत. मोबाइल नंबर ही माणसाची ओळख नाही, की म्हणून लॅबचा स्वतःचा पेशंट नंबर घ्या, नसेल तर आता द्या.

आणि वय शून्य. फाइलमधे वयाचा रकाना रिकामा होता, लोड डेटाने आकड्याच्या कॉलममधे रिकामी जागा पाहिली आणि तिथे शून्य ठेवला. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे चाललं असतं कदाचित, लॅबमधे नाही चालत. लॅबमधे शून्य वय म्हणजे तान्हं बाळ, आणि तान्ह्या बाळाच्या हिमोग्लोबिनची नॉर्मल रेंज मोठ्या माणसापेक्षा वेगळी असते. उद्या सॉफ्टवेअरने वय पाहून रेंज छापली तर साठीच्या बाईच्या रिपोर्टवर नवजात बाळाची रेंज येईल. म्हणून हे आजच दुरुस्त करा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

दुरुस्ती अशी करा. ते टेबल बाजूला ठेवा, मूळ फाइल परत घ्या, आणि यावेळी थेट पेशंटच्या टेबलमधे ओतू नका. कळमन्याच्या बाजारात माल कसा येतो ते पाहिलंय ना तुम्ही, ट्रक आला की माल आधी यार्डात उतरतो, ढीग लागतो, मग हर्रास, मग काटा, आणि मग तो व्यापाऱ्याच्या गोदामात जातो, ट्रकमधून सरळ गोदामात कोणी टाकत नाही. तसंच एक यार्डाचं टेबल बनवा, स्टेजिंग टेबल म्हणतात त्याला. फाइलमधे जितके कॉलम तितके कॉलम, सगळेच्या सगळे टेक्स्ट, लांबी भरपूर, त्यांच्यावर ना प्रायमरी की ना कुठली अट. शिवाय दोन कॉलम आपले, एक आपोआप वाढणारा ओळ नंबर (मायएसक्यूएलमधे की फक्त यालाच द्यावी लागते) आणि एक फाइलचं नाव. इथे काहीही आलं तरी बसतं, म्हणून काही गळत नाही आणि काही बदलतही नाही.

मग मोजा. फाइलच्या ओळी आणि टेबलच्या ओळी जुळल्या पाहिजेत, हेडिंगची एक सोडून. मोजताना एक लक्षात ठेवा, पत्त्याच्या रकान्यात कोणी ऑल्ट-एंटर मारलेला असेल तर एकच नोंद फाइलमधे दोन ओळींवर पसरते, तेव्हा नुसत्या ओळी मोजून भागत नाही. मग एकेक कॉलमला प्रश्न विचारा. वय रिकामं असलेले किती? वयात आकड्याशिवाय दुसरं काही असलेले किती? ('45 वर्षे', '6 महिने', '3 मा.' हे सगळं निघेल, मी पैज लावते.) मोबाइल 10 आकडी नसलेले किती? एकच मोबाइल किती जणांना आहे? या एवढ्या प्रश्नांत फाइलचं खरं रूप समोर येतं.

त्यानंतर इन्सर्ट सिलेक्ट करून, म्हणजे यार्डातून निवडून, खऱ्या टेबलमधे न्या, रिकाम्या वयाला नलइफ लावा म्हणजे शून्याऐवजी नल जाईल, माहीत नाही म्हणजे माहीत नाही. हे सर्व्हरच्या आतल्या आत होतं, लोकलची भानगड नाही, त्यामुळे स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर चुकीची ओळ आली की तो खरोखर एरर देऊन थांबेल. आपल्याला तेच पाहिजे.

शो वॉर्निंग्ज हा कमांड पण माहीत असू द्या, लोड झाल्याझाल्या लगेच द्यायचा, दुसरा कुठला कमांड मधात दिला की यादी जाते. आणि ती यादी सुद्धा पूर्ण नसते, मायएसक्यूएल 8 मधे मुळात 1024 पर्यंतच ठेवतो, त्याच्या आधी तर 64 च होती. तुमच्या वॉर्निंग्ज त्याहून जास्त असतील तर यादी संपली म्हणजे चुका संपल्या असं समजू नका.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची सभासदांची आणि पुस्तकांची यादी मराठीत आहे. डेटाबेसमधे टाकली तर काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं आली, काही ठिकाणी विचित्र इंग्रजी अक्षरं, आणि एका फाइलमधलं तर काहीच्या काहीच दिसतं. सगळं परत टाइप करावं लागेल का? आमच्याकडे टाइप करणारी मी एकटीच आहे.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही हो ताई, सगळं नाही. पण तीन वेगळे आजार आहेत हे, औषध एक नाही.

प्रश्नचिन्हंवाली फाइल सगळ्यात वाईट. एक्सेलमधे सेव्ह अ‍ॅज करताना नुसतं सीएसव्ही, कॉमा डिलिमिटेड निवडलं की विंडोजच्या जुन्या इंग्रजी कोडिंगमधे फाइल जाते, त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहिल्या जातं. त्या सीएसव्हीतून मराठी परत निघत नाही, कोणत्याही सॉफ्टवेअरने नाही. पण तुमची मूळ एक्सेल फाइल असेलच की, ती उघडा आणि त्याच यादीत 'सीएसव्ही युटीएफ-8' असा वेगळा पर्याय आहे, एक्सेल 2016 पासून दिसतो, तो निवडून परत सेव्ह करा. मूळ फाइल डिलीट मात्र करू नका, कधीच.

विचित्र इंग्रजी अक्षरंवाली फाइल चांगली आहे, फक्त वाचणाऱ्याने चुकीची वाचली. ओळखायची खूण सांगते, डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए आणि त्याच्या मागे चार टोकं निघालेलं गोल चिन्ह, ही जोडी परत परत दिसेल. कारण युटीएफ-8 मधे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि बहुतेकांचे पहिले दोन बाइट तेच ते असतात, ते तीन बाइट कोणी तीन वेगळी युरोपियन अक्षरं समजून वाचले की असं होतं. मायएसक्यूएलमधे लोड करतानाच कॅरेक्टर सेट युटीएफ-8-एमबी-4 असं स्पष्ट सांगा, टेबलही त्याचंच ठेवा, आणि टेबल रिकामं करून परत लोड करा. टेबलमधेच बसून दुरुस्त करायला जाऊ नका, अर्धं दुरुस्त अर्धं नाही असं झालं की मग खरंच टाइप करावं लागतं.

तिसरी फाइल, काहीच्या काही दिसणारी, ती बहुतेक जुन्या फॉन्टमधली. क्रुती देव, श्रीलिपी अशा फॉन्टमधे टाइप केलेलं असलं की फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वरून फॉन्टचा कपडा मराठीचा. वर्डमधे ते लिखाण निवडून फॉन्ट मंगल करून पाहा, मराठी न दिसता इंग्रजी अक्षरं दिसली तर तेच आहे. याला कन्व्हर्टर लागतो, कोणत्या फॉन्टमधे टाइप केलं होतं ते नेमकं माहीत पाहिजे, आणि कन्व्हर्ट झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागते. एकटीने करायचं तर रोज शंभर नोंदी, असं.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण तुम्हाला नक्की लागणार, कारण वाचनालयात वऱ्हाडपांडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे सगळेच असतात. तो जो अर्धा र आहे ना, ह च्या आधी आडवा येणारा, तो युनिकोडमधे दोन पद्धतीने लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलंत, दुसरी म्हणजे साधा र, हलंत, आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, डोळ्याला फरक कळत नाही, पण डेटाबेस बाइट पाहतो. एका कीबोर्डने टाइप केलेलं सभासदाचं नाव दुसऱ्या कीबोर्डने शोधलं की 'सापडलं नाही' येतं, मग आपण परत सभासद म्हणून नोंद करतो आणि एकाच माणसाची दोन कार्डं होतात. वर सांगितलं तसं यार्डाच्या टेबलमधे आधी उतरवा आणि तिथे रिप्लेस लावून सगळे एकाच पद्धतीचे करून घ्या, मग पुढे न्या.

लांबीचंही बघा. वऱ्हाडपांडे म्हणजे आपण म्हणतो पाच अक्षरं, पण मात्रा, हलंत, अनुस्वार सगळे वेगळे धरले की 11 चिन्हं होतात आणि युटीएफ-8 मधे 33 बाइट. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमधे व्हारचार (ठरलेल्या लांबीचा टेक्स्ट कॉलम) 30 म्हणजे 30 चिन्हं, तिथे हे आडनाव आरामात बसतं. ओरॅकल डेटाबेसमधे व्हारचार-टू 30 म्हटलं तर मुळात 30 बाइट धरतात, तिथे नुसतं आडनावच बसणार नाही. आणि सभासद नंबर मराठी आकड्यांत लिहिले असतील, ४५७ असे, तर आकड्याच्या कॉलमला ते आकडे वाटतच नाहीत. पोस्टग्रेसमधे ट्रान्सलेट नावाचं फंक्शन आहे, ०१२३४५६७८९ दिलं आणि समोर 0123456789 दिलं की एका झटक्यात बदलून देतं.

प्रश्न : आमचं कळमन्यात संत्र्याच्या अडतीचं काम आहे, गेल्या काही वर्षांच्या पावत्या एक्सेलमधे आहेत, शेतकऱ्याचं नाव, तारीख, क्रेट, रक्कम, फोन, बँक खातं. मुलगा म्हणतो पोस्टग्रेसमधे टाकून देतो, तासाभराचं काम आहे. टाकू देऊ का?
— एक वाचक, कळमना

उत्तर : टाकू द्या, पण भाऊ, तासाभराचं म्हणतो त्याला दोन दिवस द्या, आणि हे उत्तर त्याला वाचायला द्या.

मी स्वतः यात भाजले आहे म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका व्यापाऱ्याचा डेटा माझ्याकडे आला होता, मृग बहाराचा हंगाम, मार्च महिन्यातल्या पावत्या. एक्सेलमधे तारखेच्या कॉलममधे काही तारखा डावीकडे चिकटलेल्या होत्या आणि काही उजवीकडे. मला वाटलं कोणीतरी अलाइनमेंट बिघडवली. सगळं एका ओळीत केलं, डावीकडच्या तारखा सुधरवल्या, लोड केलं, एकही एरर नाही, ओळी जुळल्या, रकमेची टोटल पै न पै जुळली. मी खूश. मग महिन्यावार आवक काढून दिली आणि तिथले म्हातारे मुनीमजी चष्मा कपाळावर सारून मला म्हणाले, बाई, जूनमधे कोणता संत्रा येते?

काय झालं होतं, तर त्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन होती, आधी महिना मग दिवस. 13/03 टाइप केलं की एक्सेलला तेरावा महिना सापडत नव्हता, म्हणून तो ते टेक्स्ट म्हणून डावीकडे ठेवायचा. ते मी नीट केलं. पण 06/03 टाइप केलं की तो खुशीने 3 जून समजून उजवीकडे ठेवायचा, आणि उजवीकडचे ते मला बरोबर वाटले. एक मार्च झाला 3 जानेवारी, दोन मार्च झाला 3 फेब्रुवारी, असं करत बारा मार्च झाला 3 डिसेंबर. नंतर नीट पाहिलं तर मार्च सोडून बाकी प्रत्येक महिन्यात फक्त तीन तारखेलाच आवक होती. ही खूण मी कधी विसरले नाही, आता कोणतीही तारीख आली की आधी दिवसावार मोजते आणि कुठे एकाच तारखेला गर्दी दिसते का ते पाहते, आणि उद्यानंतरची तारीख एकही आहे का तेही.

त्या टोटलने मला फसवलं हे पण सांगते. रकमेची टोटल जुळली म्हणजे रकमेचा कॉलम बरोबर, एवढंच. तारखेबद्दल ती काही सांगत नाही. तारीख तपासायची तर हंगाम माहीत असलेला माणूस बाजूला बसवा. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, हे तुम्हाला झोपेतही माहीत आहे, तुमच्या मुलाच्या कोडला माहीत नाही. म्हणून पहिली महिन्यावार यादी निघाली की ती तुम्ही स्वतः बघा.

पोस्टग्रेसमधेही हीच गोष्ट आहे, त्याची डेटस्टाइल मुळात महिना-आधी असते. 13/03 आलं की तो एरर देऊन थांबतो, ते बरं, पण 06/03 ला काही बोलत नाही. लोड करायच्या आधी डेटस्टाइल डीएमवाय करून घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे टेक्स्ट म्हणून उतरवून मग टू-डेटने कोणता दिवस कोणता महिना ते स्पष्ट सांगून बदला.

फोनचं. आपल्या नागपूरचा लँडलाइन कोड 0712, एक्सेलला तो आकडा वाटतो आणि पुढचा शून्य खाऊन टाकतो, 712 राहतं. हे परत लावता येतं, त्याची एवढी काळजी नाही. काळजी बँक खात्याची. एक्सेल आकड्याचे फक्त 15 अंक खरे ठेवतो, सोळावा अंक आला की त्याच्या जागी शून्य. आणि 11 अंकांपेक्षा मोठा आकडा साध्या कॉलममधे असला की तो 1.23 वगैरे करून पुढे ई लावून दाखवतो, आणि सीएसव्ही करताना जे दिसतं तेच लिहितो, मग मधले अंक गेले ते गेले. शेतकऱ्याचा पैसा त्या नंबरवर जाणार आहे. म्हणून सीएसव्ही करायच्या आधी खात्याच्या कॉलमची फॉर्मॅट बदलून पूर्ण आकडा दिसतो का पाहा, 16 किंवा जास्त अंकी खात्यांच्या शेवटी शून्य आहेत का पाहा, आणि तशी खाती पासबुकावरून परत घ्या. अंदाजाने एकही भरू नका. डेटाबेसमधे फोन आणि खातं दोन्ही टेक्स्टच ठेवायचे, ज्याची आपण बेरीज करत नाही तो आकडा नाही.

तयार झालेली सीएसव्ही फाइल बघायला म्हणून परत एक्सेलमधे डबल क्लिक करून उघडायची आणि सेव्ह करायची, ही सवय पण सोडायला सांगा मुलाला. तेवढ्यात सगळं परत बिघडतं. नोटपॅडमधे बघा, नाही तं लिब्रेऑफिसमधे उघडा, ते उघडतानाच विचारतं कोणता कॉलम टेक्स्ट ठेवू.

प्रश्न : पोस्टग्रेसमधे कॉपी कमांडला परमिशन डिनाइड येऊन राहिलं, फाइल तर माझ्याच डेस्कटॉपवर आहे.
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : तुमच्या डेस्कटॉपवर आहे म्हणूनच. नुसता कॉपी म्हणजे सर्व्हर फाइल वाचणार, त्याला तुमचा डेस्कटॉप दिसत नाही, शिवाय त्यासाठी सुपरयूजर किंवा सर्व्हरवरच्या फाइली वाचायचा खास रोल लागतो. पी-एसक्यूएलमधे, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्राममधे, बॅकस्लॅश लावून कॉपी लिहा, मग फाइल तुमच्या बाजूने वाचल्या जाते. पूर्ण कमांड एकाच ओळीत लिहायचा, मधे एंटर मारायचा नाही. कॉपीची एक गोष्ट मला फार आवडते, एक ओळ चुकली तरी तो पूर्ण थांबतो, कोणती ओळ, कोणता कॉलम, आत काय होतं ते सांगतो आणि आधी टाकलेलंही मागे घेतो. पोस्टग्रेस 17 पासून चुकीच्या ओळी सोडून पुढे जायची सोय आली आहे, शिकताना ती वापरू नका, आधी फाइल ओळखायला शिका.

प्रश्न : पायथनमधे लूप लावून एकेक ओळ इन्सर्ट करतो, 6 लाख ओळींना अख्खी रात्र लागते. वरून उन्हाळ्यात लाइट जाते, मधातच बंद पडलं की सकाळी कळतच नाही किती गेलं, परत चालवलं तं डबल होतं. काय करू?
— एक वाचक, परसोडी

उत्तर : प्रत्येक ओळीमागे कमिट करून राहिलात तुम्ही, म्हणजे प्रत्येक ओळीला डेटाबेस 'हे डिस्कवर पक्कं लिहिलं' याची खात्री करून मगच पुढे जातो. किराणा दुकानात सहाशे वस्तू घ्यायच्या आणि प्रत्येक वस्तूचं वेगळं बिल करायचं, तसं झालं हे. लूप सोडा, फाइल सरळ कॉपीने किंवा लोड डेटाने टाका. लोड डेटा इन्सर्टपेक्षा साधारण 20 पट वेगवान असतो असं मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमधेच लिहिलंय. लूपच ठेवायचा असेल तर निदान हजार-हजार ओळींचा एक इन्सर्ट करा आणि सगळं एका ट्रान्झॅक्शनमधे घ्या, म्हणजे गेलं तर सगळं, नाही तं काहीच नाही. नवीन रिकामं टेबल असेल तर इंडेक्स (लवकर शोधायची सूची) नंतर बनवा, आधी माल भरा. पोस्टग्रेस असेल तर भरून झाल्यावर अ‍ॅनालाइझ चालवा, नाही तं पहिल्या क्वेऱ्या उगाच हळू चालतात.

लाइटचा प्रश्न त्यातच सुटतो. एका ट्रान्झॅक्शनमधे असलं की लाइट गेली तर सगळं मागे येतं, टेबल जसं होतं तसं, सकाळी परत चालवायला मोकळे. मायएसक्यूएलमधे मात्र टेबल इनोडीबी प्रकारचं आहे ना ते बघून घ्या, जुनं मायआयसॅमचं असेल तर अर्धं तसंच राहतं.

आणि डबल होऊ नये म्हणून एक छोटं टेबल ठेवा, त्यात लोड केलेल्या फाइलचं नाव, तारीख, ओळी किती, आणि फाइलचा चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा. नवीन फाइल आली की आधी तिथे चेकसम शोधायचा, सापडला तर लोड करायचंच नाही. ही नोंद आणि डेटा एकाच ट्रान्झॅक्शनमधे जाऊ द्या, म्हणजे नोंद आहे पण डेटा नाही असं कधी होणार नाही. माझ्याकडे हे टेबल आहे, कोणी विचारलं की ही ओळ कुठून आली तर फाइलचं नाव आणि ओळ नंबर दोन्ही काढून देता येतात. तुमच्या टेबलमधे आज जे डबल आहे ते काढायच्या आधी बॅकअप घ्या, आणि डिलीट चालवायच्या आधी तीच अट सिलेक्टमधे लावून किती ओळी निघतात ते बघा.